लोकलच्या नव्या डब्यांचे आराखडे करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबईच्या उपनगरी रेल्वेसाठी नव्या गाड्या, स्थानके आणि पादचारी पूल यांचे आराखडे तयार करणारे व मंजूर करणारे सर्व अधिकारी आणि अभियंते यांस

विषय: नव्या डब्यांचा आराखडा पक्का करण्यापूर्वी भरलेल्या गाडीतील माणसांचे वागणे पाहण्याबाबत

सन्माननीय महोदय आणि महोदया,

सविनय नमस्कार.

९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जात असताना दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतील काही जणांचा जीव गेला. त्याच दिवशी रेल्वे मंत्रालयाने मुंबईसाठी यापुढे बनणाऱ्या लोकलच्या डब्यांना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याचे जाहीर केले. पाठोपाठ वातानुकूलित नसलेल्या गाड्यांच्या रचनेचा तपशीलही आला. दरवाजांना हवेसाठी झडपा, छतावर बाहेरची हवा आत सोडणारी यंत्रणा, आणि गर्दी विभागली जावी म्हणून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाण्याची वाट, अशा तीन गोष्टी त्यात होत्या. या निर्णयाला माझा पाठिंबा आहे. उघड्या दाराने या शहरात जितके जीव घेतले तितके पुरे झाले. मात्र दार बंद केल्यावर आत काय होईल, याचा विचार करणाऱ्याने आज दार उघडे असताना आत काय चालते ते नीट पाहिलेले असावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी डोंबिवलीला राहते आणि परळच्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर काम करते. जलद गाडीने दादरपर्यंत आणि तिथून धीम्या गाडीने परळ, असा माझा रोजचा मार्ग आहे. गाडीत आणि खिडकीवर मिळून माझा सगळा दिवस अनोळखी माणसांमध्ये जातो. ज्यांची नावे मला ठाऊक नाहीत, अशा कितीतरी बायकांच्या पाठदुखीपासून मुलांच्या दहावीपर्यंत सगळे मला माहीत आहे, आणि खिडकीवर ज्यांची नावे मी दिवसभर लिहून घेते त्यांच्याविषयी नावापलीकडे फारसे काही कळत नाही. या दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट वर्षानुवर्षे दिसत आली आहे: गर्दी कितीही असली तरी तिच्यात एक व्यवस्था असते, ती कोणी लिहून दिलेली नसते, आणि ती चालवणारी माणसे एकमेकांना ओळखत नसतात.

आपल्याकडे आकडे भरपूर आहेत. मध्य आणि पश्चिम रेल्वेवर मिळून रोज सुमारे ७५ लाख प्रवासी प्रवास करतात आणि त्यांच्यासाठी ३ हजारांहून अधिक फेऱ्या चालवल्या जातात. डब्यात दर चौरस मीटरला १४ ते १६ माणसे उभी राहतात, त्या अवस्थेला आपल्या कागदपत्रांत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असे नावही आहे. हे आकडे खरे आहेत आणि लागतातच, पण त्यांतून माणूस किती जागा व्यापतो एवढेच कळते. त्या जागेत तो काय करतो, कोणाला वाट देतो, कोणाकडून घेतो, कोणत्या क्षणी वळतो आणि कशाला धरून उभा राहतो, हे आकड्यांत येत नाही. डब्याच्या आत दांडा कुठे हवा, बाक किती रुंद हवा, दाराजवळ किती जागा मोकळी हवी, हे प्रश्न मात्र याच गोष्टींवर अवलंबून असतात.

सकाळच्या लेडीज डब्याचे उदाहरण घेते, कारण मला तोच डबा ठाऊक आहे. बसायला मिळालेल्या बाईसमोर येऊन उभी राहणारी बाई पहिला प्रश्न विचारते, “ताई, कुठे उतरणार?” उत्तर येते, “घाटकोपर.” “मग मला हां.” एवढ्या तीन वाक्यांत करार पुरा होतो. नंतर दुसरी कोणी आली तर बसलेली बाईच तिला सांगते की जागा दिली आहे, आणि ती मागच्या बाकाकडे वळते. ठाणे येईपर्यंत पूर्ण बाकाची वाटणी ठरलेली असते. तिघींच्या बाकावर चौथी अर्धवट टेकते, तिचा एक पाय वाटेत असतो, आणि काही वेळाने तिघींपैकी कोणीतरी उठून म्हणते, “बस गं तू जरा, मी पाय मोकळे करते.” ज्या दोघी अशी जागा बदलतात त्यांची गाडीबाहेर भेटही होत नाही. भांडणे होत नाहीत असे मी म्हणणार नाही. होतात, आणि फार कडवटही होतात. तरीही हजारो बायका रोज सकाळी ज्या तऱ्हेने जागा वाटून घेतात, त्या मानाने ती भांडणे थोडी आहेत.

हा सगळा व्यवहार समोरासमोरच्या बाकांवर आणि त्यांच्यामधल्या अरुंद जागेवर उभा आहे. त्या जागेत कोण उभे आहे, कोणी आधी विचारले, हे बसलेल्या सहाही जणींना दिसते, म्हणून शब्द पाळला जातो. मेट्रोप्रमाणे खिडक्यांना पाठ लावून लांब बाक टाकले तर उभे राहणाऱ्यांची संख्या वाढेल हे गणित मला समजते. पण दीड तासाच्या प्रवासात जिथे बसण्याची पाळी येणार की नाही हेच कोणाला ठाऊक नसेल, तिथे दर स्थानकावर रिकाम्या होणाऱ्या जागेसाठी झटापट होईल. वीस मिनिटांच्या मेट्रो प्रवासाला जी रचना चालते ती कसारा, कर्जत किंवा विरारहून येणाऱ्या माणसाला चालेलच असे नाही. निदान दोन्ही रचनांचे डबे एकाच मार्गावर काही महिने चालवून फरक पाहावा, असे मला वाटते.

उतरण्याची पद्धत तर आणखी पाहण्यासारखी आहे. दादरला उतरणारी बाई घाटकोपर सुटले की उठते. पुढच्या बाईच्या खांद्यावर हलकेच बोट टेकवून विचारते, “दादर?” ती मान हलवते किंवा बाजूला सरकते. कुर्ला जाईपर्यंत दारापर्यंत एक रांग तयार झालेली असते, आणि ज्यांना पुढे भायखळ्याला किंवा सीएसएमटीला जायचे आहे त्या रांगेच्या बाहेर, बाकांच्या बाजूला, दबून उभ्या असतात. फलाट कोणत्या बाजूला येणार हे माहीत नसेल तर ही रांग चुकीच्या दाराकडे लागते, आणि मग गाडी थांबते त्या वीस-तीस सेकंदांत आख्ख्या डब्यातून माणसांना कापत जावे लागते. म्हणून नवख्या मुलीला जुन्या बायका आधी बाजू शिकवतात. परवाच एका मुलीला शेजारची काकू सांगत होती, “पर्स पुढे घे, ओढणी आत खोच, एक हात वर दांड्याला आणि एक पर्सवर, आणि उतरणारीच्या अगदी मागे लाग, मध्ये कोणाला येऊ देऊ नकोस.” मुलगी पहिल्यांदाच नोकरीला निघाली असावी. कुर्ल्यानंतर काकूने तिला स्वतःच्या पुढे घेतले आणि दादरला दोघी उतरून दोन वेगवेगळ्या जिन्यांनी गेल्या. ही शिकवणूक चांगली आहे, पण ती काकूवर सोपवून आपण मोकळे होऊ नये. फलाट डावीकडे की उजवीकडे ही घोषणा आधीच्या स्थानकातून गाडी सुटताच, मराठीत, स्पष्ट आवाजात आणि प्रत्येक डब्यात ऐकू येईल अशी व्हावी. आज ती काही गाड्यांत होते, काहींत होत नाही, आणि काहींत पंख्याच्या आवाजात विरून जाते.

आता दाराविषयी. दारात उभी राहणारी सगळी माणसे एकाच कारणाने तिथे असतात, असा समज वर्तमानपत्रांतील चर्चेतून होतो. ती बेफिकीर आहेत, वाऱ्यासाठी उभी राहतात, आत जागा असूनही सरकत नाहीत, असे म्हटले जाते. अशी काही माणसे असतात, हे मी नाकारत नाही. पण रोज पाहणाऱ्याला निदान तीन वेगळे गट दिसतात. पहिला, ज्यांना आत शिरताच आले नाही त्यांचा. कळवा, मुंब्रा, दिवा या स्थानकांवर सकाळी गाडी येते तेव्हा ती आधीच भरलेली असते, आणि तिथे चढणाऱ्याला दाराची कड आणि दांडा एवढेच मिळते. दुसरा, ज्यांना पुढच्या एक-दोन स्थानकांत उतरायचे आहे आणि आत गेल्यास बाहेर पडता येणार नाही याची ज्यांना खात्री आहे त्यांचा. तिसरा, हवेसाठी थांबणाऱ्यांचा, आणि त्यातही दम लागणारी, मळमळणारी, पोटुशी बाई असू शकते.

बंद दार तिसऱ्या गटातील बेफिकीर माणसाला वाचवील. पहिल्या गटातील माणसाला ते फलाटावर ठेवून जाईल. तो माणूस नाहीसा होणार नाही. तो पुढच्या गाडीसाठी थांबेल, त्याच्या मागे आणखी माणसे येतील, आणि जी गर्दी आज दारात दिसते ती उद्या फलाटाच्या कडेला दिसेल. दिव्याच्या आणि कोपरच्या कितीतरी बायका आजच डोंबिवलीकडे जाणाऱ्या गाडीत उलट्या दिशेने बसून येतात आणि त्याच गाडीने परत मुंबईकडे निघतात, कारण स्वतःच्या स्थानकावर चढणे अशक्य झाले आहे. यावरून डोंबिवलीच्या बायका आणि त्या यांच्यात जी धुसफूस चालते ती मी जवळून पाहिली आहे, आणि दोन्ही बाजूंना मी दोष देऊ शकत नाही. बंद दाराच्या गाड्यांबरोबर मधल्या स्थानकांतून सुटणाऱ्या फेऱ्या वाढल्या नाहीत तर हा उलटा प्रवास आणखी वाढेल.

शिवाय आज शेवटची बाई गाडीत कशी चढते तेही पाहावे. गाडी हलायला लागते, तिचा एक पाय फूटबोर्डवर असतो, आतून दोन हात पुढे येतात, एक तिची पिशवी ओढून घेतो आणि दुसरा दंड धरतो, आणि दाराजवळच्या सगळ्याजणी एकदम श्वास आत घेऊन अर्धी वीत मागे होतात. हे धोक्याचे आहे आणि बंद व्हायलाच हवे. पण ज्या दिवशी दार यंत्राने बंद होईल त्या दिवशी ती अर्धी वीत कोण मोकळी करणार? वातानुकूलित लोकलमध्ये गर्दीच्या वेळी दार मिटत नाही म्हणून गाडी खोळंबून राहण्याचे प्रसंग २०१७ सालापासून, म्हणजे ती गाडी पश्चिम रेल्वेवर आली तेव्हापासून, अनेक स्थानकांवर घडलेले आहेत. दार बंद होण्यापूर्वीचा इशारा किती सेकंद आधी वाजावा, दारालगत उभ्याने धरायला दांडा कुठे असावा, पिशवीचा पट्टा दारात अडकला तर काय व्हावे, याची चाचणी रिकाम्या गाडीत, कारशेडमध्ये, शिकाऊ कर्मचाऱ्यांना उभे करून होऊ शकत नाही. ती सकाळी दिव्याच्या फलाटावर व्हायला हवी.

हवेची काळजी मला सर्वांत जास्त वाटते. पावसाळ्यात खिडक्यांची शटर खाली ओढली की डब्यात जी कोंदट उष्णता साठते ती उघड्या दारांमुळेच थोडी सुसह्य होते. त्या दिवसांत कोणाला तरी चक्कर येणे ही नवलाची गोष्ट नाही. मुलगी पांढरीफटक पडते, शेजारची तिला सावरते, आणि आवाज निघतो, “अगं, हिला दाराशी घ्या!” गर्दी कशी कोण जाणे दुभंगते, खिडकीजवळची उठते, कोणी पाण्याची बाटली पुढे पाठवते, कोणी लिंबाची गोळी, कोणी ओला रुमाल. दोन स्थानकांत मुलगी शुद्धीवर येते. बंद डब्यात ‘दाराशी घ्या’ याला अर्थ उरणार नाही, तेव्हा हवा निश्चित मिळेल अशी जागा प्रत्येक डब्यात दुसरीकडे असायला हवी. गार्डशी बोलण्याची सोय बसलेल्या आणि चेंगरलेल्या अशा दोघांच्याही हाताला लागेल इतक्या जवळ असावी. छतावरच्या यंत्रणेची क्षमता ठरवताना कागदावरची प्रवासीसंख्या न धरता जुलैमधील सकाळची खरी संख्या धरावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

गाडी अडकली तर काय, हा याच्याशी जोडलेला प्रश्न आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि माणसे दारांतून रुळांवर उतरून, एकमेकांचे हात धरून चालत घरी गेली. आता १९ ऑगस्ट २०२५ आठवावा. पावसाने हार्बर मार्ग बंद पडला, माणसे मोनोरेलकडे वळली, क्षमतेपेक्षा जास्त गर्दी होऊन गाडी म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्क यांच्या दरम्यान उंचावर बंद पडली, वातानुकूलन थांबले, आणि बंद दारांच्या आत अडकलेल्या पाचशेहून अधिक प्रवाशांना अग्निशमन दलाने शिड्या लावून बाहेर काढले. एक मार्ग बंद पडला की माणसे दुसऱ्या मार्गावर जाणार, हे या शहरातील कोणत्याही प्रवाशाला विचारले असते तरी त्याने सांगितले असते. लोकल जमिनीवर धावते, म्हणून सुटकेचा प्रश्न तितका अवघड नाही. तरीही संकटकाळी दार हाताने कसे उघडायचे हे डब्यातल्या निदान दहा माणसांना ठाऊक असले पाहिजे, आणि ते चित्रांसह, मराठीत, डोळ्यांच्या उंचीवर लिहिलेले असले पाहिजे.

मालडब्याकडे आराखडा करणाऱ्यांचे लक्ष सहसा जात नाही. तिथे कोळणी मासळीच्या टोपल्या घेऊन असतात, डबेवाले असतात, दादरच्या फुलबाजारातून निघालेले हारवाले असतात, आणि पावसाळा लागला की कसारा-कर्जतच्या बाजूने टाकळा, कुरडू, करटोली अशा रानभाज्या घेऊन येणाऱ्या आदिवासी बाया असतात. टोपली चढवायला वरून एक हात आणि खालून एक हात लागतो. ते हात नेहमी अनोळखी माणसाचे असतात आणि ते मागावे लागत नाहीत. मालडब्यातील जागा ज्येष्ठ नागरिकांना देण्याचा विचार चांगलाच आहे, कारण सकाळच्या गर्दीत साठीपुढच्या माणसाला सामान्य डब्यात शिरणे जवळपास अशक्य असते. पण उरलेल्या मालडब्यात सकाळच्या पहिल्या गाड्यांना किती टोपल्या येतात हे पाहूनच तो निर्णय प्रत्येक गाडीला लागू करावा. दार आपोआप मिटणार असेल तर मालडब्याला थांबण्याचा वेळ थोडा जास्त द्यावा लागेल. साठ किलोची टोपली तीन सेकंदांत आत जात नाही.

आणि दिव्यांगांचा डबा. माझ्या खिडकीवर येणाऱ्यांपैकी कितीतरी माणसे याच डब्याने आलेली असतात. त्या डब्यात गरोदर स्त्रिया आणि कर्करोगाचे रुग्णही प्रवास करू शकतात. केमोथेरपी घेऊन निघालेला माणूस बाहेरून धडधाकट दिसू शकतो. डोक्याला रुमाल नसेल, हातात काठी नसेल, तर “तुम्हाला काय झालंय?” असा प्रश्न त्याला भर डब्यात विचारला जातो, आणि त्याला आपला आजार अनोळखी माणसांसमोर सांगावा लागतो. विचारणाऱ्याचेही चुकत नाही, कारण धडधाकट माणसे त्या डब्यात घुसतात आणि खऱ्या हक्कदारांनाच उभे राहावे लागते. एका रुग्णाच्या नातेवाइकाने मला फाइल दाखवून सांगितले होते की ती पहिल्या पानावर ‘कॅन्सर’ हा शब्द दिसेल अशी छातीशी धरूनच ते प्रवास करतात. कोणत्याही रुग्णाला असे करावे लागू नये. पासाबरोबर एक साधे, आजाराचे नाव नसलेले, लांबून ओळखू येणारे कार्ड देता येईल, आणि त्याची माहिती डब्यातही लावता येईल. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि फारसा खर्चही येत नाही.

स्थानकांविषयी एकच गोष्ट लिहिते, कारण ती परळची आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी अचानक पाऊस आला आणि परळ व एल्फिन्स्टन रोड (आता प्रभादेवी) ही स्थानके जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. त्यानंतर लष्कराने नवा पूल बांधला आणि तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. पुलाची रुंदी कमी होती हे सर्वांना माहीत होते. पण रोज तिथून जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत होती: पाऊस आला की माणसे जिन्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर, छत संपते तिथे थांबतात. कोणी छत्री काढते, कोणी फाइल पोटाशी धरते, कोणी पाऊस थांबण्याची वाट पाहते. मागून मात्र गाड्या येतच राहतात. गिरण्या चालू असताना या भागात पाळ्या होत्या आणि माणसे वेगवेगळ्या वेळी येत-जात होती. गिरण्यांच्या जागी कार्यालये आली आणि सगळे एकाच तासात उतरू लागले. हा बदल कोणत्याही चहावाल्याने सांगितला असता. जिन्याच्या तोंडाशी छत आणखी वीस पावले पुढे नेले तर माणसे जिन्यावर थांबणार नाहीत, ही गोष्ट नकाशा पाहून सुचत नाही. पहिल्या पावसात तिथे उभे राहिल्यावर सुचते. आजही कितीतरी स्थानकांवर छत नेमके जिन्याच्या तोंडाशी संपते.

रुग्णालयातील रांग पाहतानाही हेच जाणवते. पहाटेच्या पहिल्या गाडीने आलेली माणसे खिडकी उघडण्याच्या कितीतरी आधी येऊन बसतात. जमिनीवर फायलींची रांग लागते, प्रत्येक फाइलवर एखादी बाटली किंवा चप्पल ठेवलेली असते, आणि फायलींचे मालक भिंतीला टेकून झोपलेले असतात. कोणाची फाइल कोणी पुढे सरकवत नाही. अगदी आजारी माणूस आला तर मागच्यांना न विचारताच पुढचा त्याला जागा देतो, आणि मागून तक्रार आली तर तोच उत्तर देतो. आमच्याकडे टोकन देणारे यंत्र बसवायचे ठरले तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आग्रह धरला की आधी आठवडाभर रांग पाहू. पाहिल्यावर कळले की वयस्कर माणसांना आकडे पडद्यावर वाचता येत नाहीत आणि ती शेजाऱ्याच्या आवाजावर अवलंबून असतात. म्हणून यंत्राबरोबर नंबर पुकारणारा माणूसही ठेवला गेला. तो अजूनही आहे.

रेल्वेने असे पाहून केलेले काम मला माहीत आहे, म्हणूनच अपेक्षा ठेवते. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर संपूर्ण गाडी महिलांसाठी सुरू झाली, कारण नोकरीला निघालेल्या बायकांची संख्या आणि डब्यातली त्यांची जागा यांचा मेळ राहिला नव्हता, आणि ते कोणीतरी पाहिले होते. गर्दीचा तास विभागला जावा म्हणून मध्य रेल्वेने मुंबईतील कार्यालयांना वेळा बदलण्याची पत्रे पाठवली, आणि स्वतःच्या मुख्यालयाच्या वेळा २०२३ साली बदलून सुरुवातही केली. बाकीच्या कार्यालयांनी ते किती मनावर घेतले हे सकाळच्या गाडीत दिसतेच, पण विचार योग्य होता आणि तो पुन्हा पुन्हा मांडला गेला पाहिजे.

एमयूटीपी, म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प, याच्या ३ आणि ३अ या टप्प्यांत २३८ वातानुकूलित गाड्या घेण्याची योजना आहे. एकदा त्या आल्या की पुढची तीसेक वर्षे मुंबईची माणसे त्यांतच उभी राहतील. म्हणून माझी मागणी अशी आहे की नव्या रचनेची पहिली गाडी, वातानुकूलित असो वा नसो, निदान एक पूर्ण पावसाळा गर्दीच्या वेळी, मधल्या स्थानकांवर थांबणाऱ्या धीम्या फेरीत आणि लांबच्या जलद फेरीत अशी दोन्हीकडे चालवावी. आपल्या अभियंत्यांनी, त्यांत स्त्रियाही असाव्यात, त्या काळात गणवेश आणि ओळखपत्र न लावता, साधा पास काढून, लेडीज, सामान्य, दिव्यांगांच्या आणि मालडब्यात प्रवास करावा. दारे उघडी असलेल्या आजच्या गाड्यांतही त्यांनी आधी तसाच प्रवास केलेला असावा, म्हणजे तुलना करता येईल. डबे जोडणाऱ्या वाटेमुळे लेडीज डबा सामान्य डब्यापासून कसा वेगळा राहणार, आणि रात्री ज्या एका डब्यात पोलीस असतो तिकडे सरकणाऱ्या बायकांना ती वाट उपयोगी पडेल की भीतीची वाटेल, हे रात्रीच्या शेवटच्या गाड्यांतून जाणाऱ्या बायकांनाच विचारावे. जे दिसेल, त्याचा अहवाल मराठीत छापून प्रत्येक स्थानकाच्या तिकीटघराबाहेर लावावा आणि प्रवाशांना त्यावर लेखी म्हणणे देण्यासाठी महिनाभराची मुदत द्यावी.

निरीक्षणासाठी येणाऱ्या आपल्या कोणत्याही सहकाऱ्याला आमच्या डब्यात उभे कसे राहावे, कोणत्या दाराने उतरावे आणि जागा कोणाकडे मागावी, हे आम्ही आनंदाने सांगू.

आपली नम्र,
डोंबिवलीहून परळला जाणारी एक प्रवासी